करनिवास

करनिवास : उत्पन्नावर कर आकारण्यापुरते एखाद्या व्यक्तीला कोणत्या देशाची रहिवासी धरायचे, हे ठरवणारी कायदेशीर संकल्पना. नागरिकत्व, व्हिसा आणि करनिवास या तीन वेगळ्या गोष्टी आहेत; परदेशी राहणाऱ्यांच्या बऱ्याच अडचणी त्यांची गल्लत केल्यामुळे उद्भवतात. ‘पासपोर्ट तिथला नाही, म्हणजे करही तिथला नाही’ हा समज तर फारच महागात पडतो. याला उलट्या बाजूचा मोठा अपवाद अमेरिकेचा. तिचे नागरिक जगात कुठेही राहिले तरी त्यांना अमेरिकेचे विवरणपत्र भरावे लागते. एरिट्रियाही परदेशस्थ नागरिकांकडून उत्पन्नाच्या 2 टक्के कर मागतो.

अनेक देशांत वर्षातील 183 दिवसांचा मुक्काम हा ढोबळ निकष असतो. मात्र दिवस कसा मोजायचा, हे प्रत्येक देश आपापले ठरवतो. ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे मध्यरात्री देशात असलेल्याचा दिवस धरतात. रात्री साडेअकराला उतरलेल्या प्रवाशाचा दिवस मोजला जातो. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याचा सहसा नाही. त्यातही तिथले करवर्ष 6 एप्रिलला सुरू होते. 2013 पासूनच्या ब्रिटिश कसोटीत कुटुंब, घर, काम असे धागेही पाहतात. असे पुरेसे धागे मागे ठेवून नुकताच देश सोडलेला माणूस अवघ्या 16 दिवसांच्या मुक्कामानेही रहिवासी ठरू शकतो. तेव्हा 183 हा आकडा पाठ करून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

दोन देशांनी एकाच माणसाला रहिवासी ठरवले, तर दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार कामी येतो. असे बहुतेक करार ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या नमुन्यावर बेतलेले असून त्यात कसोट्या क्रमाने लावतात : कायमचे घर कुठे आहे; दोन्हीकडे असल्यास वैयक्तिक व आर्थिक संबंध कुठे अधिक घट्ट आहेत; मग नेहमीचे वास्तव्य, मग नागरिकत्व. तरीही निकाल लागला नाही, तर दोन्ही सरकारे आपसांत ठरवतात. पहिली कसोटी साधी वाटते, पण मागे ठेवलेले घर भाड्याने दिले की कुलूप लावून ठेवले, यावर निकाल फिरतो. कुलूपबंद घर केव्हाही राहायला मोकळे असते. दीर्घ मुदतीने दुसऱ्याला दिलेले घर तसे नसते.

खरी गुंतागुंत निवृत्तीनंतर सुरू होते. ओईसीडी नमुन्यानुसार खासगी नोकरीच्या निवृत्तिवेतनावर निवासाचा देश कर घेतो, सरकारी नोकरीच्या निवृत्तिवेतनावर सहसा ते देणारा देश. प्रत्यक्ष करारांत मात्र बरेच फेरफार असतात. एका देशातील करमुक्त बचत सीमेपलीकडे करमुक्त राहतेच असेही नाही : ब्रिटनमधील आयसा खात्याला अमेरिका तशी सवलत देत नाही. परदेशी कमाईवरची अमेरिकी वजावटही केवळ श्रमाच्या मोबदल्याला लागू आहे. निवृत्तिवेतन तिच्यात बसत नाही.

हक्काचा प्रश्न वेगळाच. अमेरिकी सामाजिक सुरक्षेच्या निवृत्तिवेतनासाठी 40 क्रेडिट, म्हणजे साधारण 10 वर्षांचे काम लागते. सात वर्षांनी देश सोडणाऱ्याचे अंशदान वाया जाऊ नये म्हणून देशादेशांत एकत्रीकरण करार होतात. पात्रतेपुरती दोन्हीकडची वर्षे जोडतात. रक्कम मात्र प्रत्येक देश आपल्या हिश्शापुरतीच देतो. ब्रिटिश सरकारी निवृत्तिवेतन कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांना मिळते, पण दरवर्षीची वाढ मिळत नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांना ती मिळते.

निवृत्तांना ओढून घेण्यासाठी काही देश सवलती देतात, पण त्यांच्या भरवशावर वीस वर्षांचा आराखडा मांडणे धोक्याचे. पोर्तुगालने 2009 मध्ये आणलेल्या योजनेत परदेशी निवृत्तिवेतनावर बहुधा करच लागत नसे. आपले निवृत्त तिकडे करमुक्त राहतात म्हणून चिडलेल्या फिनलंडने पोर्तुगालबरोबरचा करार मोडला. तो 2019 पासून संपला. पुढे पोर्तुगालने 2020 मध्ये नव्याने येणाऱ्यांच्या निवृत्तिवेतनावर 10 टक्के कर लावला आणि 2024 पासून, संक्रमणकाळातील अपवाद सोडता, योजनेची दारे नव्या अर्जदारांना बंद केली.