थर्मोस्टॅट काढू नका हो मामा

मावसभाऊ अमेरिकेत फीनिक्सला असतो, त्याने गेल्या वर्षी हौसेने १९९२ ची माझदा मियाटा घेतली, दोन सीटची, उघड्या टपाची, लालभडक. जूनमध्ये घरच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला की गाडी हीट होतेय. दोन मिनिटांत मामांचं उत्तर, "थर्मोस्टॅट काढून टाक, पाणी मोकळं फिरू दे." मामांनी उभी हयात खंबाटकी घाटात बॉनेट उघडून, मागच्या सीटखालच्या कॅनमधलं पाणी ओतून काढलीय त्यामुळे त्यांच्यासमोर बोलायची कोणाची टाप नाही. पण हा सल्ला आपल्याकडे प्रत्येक गॅरेजात मिळतो, आणि तो का चुकतो हे मला कधीचं लिहायचंच होतं.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे, म्हणजे पाणी हवेने थंड करणाऱ्या पुढच्या जाळीकडे, जाणाऱ्या वाटेवरची झडप, पाणी पुरेसं तापलं की उघडणारी. गंमत म्हणजे तिच्याबद्दल दोन एकदम उलट समज आहेत आणि दोन्ही एकाच टपरीवर ऐकू येतात. एक मामांचा, की अडथळा काढला की गाडी थंड. दुसरा, की तो काढून पाणी फार जोरात फिरलं तर त्याला रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळच मिळत नाही. हा दुसरा ऐकायला इतका शहाणा वाटतो की इंजिनिअर झालेली माणसंही मान डोलावतात.

दादरचा फलाट डोळ्यासमोर आणा. इंजिनचं हेड, म्हणजे सिलेंडरांवरचं जाड झाकण, हे दादर, रेडिएटर म्हणजे विरार, लोकल म्हणजे पाणी आणि गर्दी म्हणजे उष्णता. आता कोणी म्हणालं की विरारला माणसं नीट उतरत नाहीत, गाडी तिथे वीस मिनिटं उभी ठेवा, तर विरारला डबा रिकामा होईल, कबूल, पण दादरला काय होईल? तेच होतं हेडमध्ये.

आकड्यांत बघू, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडून द्या. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांना, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर आणि उरलेला पाण्यात. हायवेला असं धरा की पाण्यात २० किलोवॅट उष्णता जातेय, म्हणजे घरातले दहा गीझर एकदम चालू. कूलंट मिसळलेलं पाणी सेकंदाला एक लिटर फिरत असेल तर रेडिएटरमधून जाताना ते फक्त साडेपाच अंशांनी थंड होतं. ९० ने आत, ८४.५ ने बाहेर, सरासरी ८७ च्या आसपास. आता फिरणं निम्मं करा. पाण्याला दुप्पट वेळ मिळाला, ते ११ अंशांनी थंड झालं, ७९ ने बाहेर आलं, वा! पण रेडिएटरची सरासरी आता ८४.५ झाली, आणि रेडिएटर हवेत किती उष्णता टाकणार हे त्याच्या सरासरी तापमानात आणि बाहेरच्या हवेत किती फरक आहे त्यावर ठरतं, पाण्याला किती वेळ मिळाला त्यावर नाही. फीनिक्सची हवा ४४ अंश. म्हणजे फरक ४३ वरून ४०.५ वर आला, तेवढी कमी उष्णता बाहेर पडली, आणि हिशोब जुळवायला इंजिनकडून येणारं पाणी अडीच अंश जास्त तापणार. आकडा मोठा नाही, पण गाडी तापण्याच्याच बाजूचा आहे ना.

मग मामांचंच बरोबर की, मोकळं फिरू दे! थांबा. इथे खरी मजा आहे. रेडिएटरच्या टोपीवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा बार दाब जास्त झाला की टोपी उघडणार. प्रेशर कुकरचीच आयडिया, ०.९ ला साधं पाणीही जवळजवळ ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. पण चालत्या इंजिनमध्ये दाब सगळीकडे सारखा नसतो. पंप पाणी ढकलतो आणि हेडच्या तोंडाशी थर्मोस्टॅट वाट अडवून उभा असतो, त्यामुळे हेडच्या आत दाब आणखी थोडा वाढतो, आणि तो नेमका हवा असतो तिथेच. एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळचा धातू पाण्यापेक्षा कितीतरी गरम असतो, तिथे बारीक बुडबुडे येऊन लगेच विरतात, त्याने फायदाच होतो. पण दाब कमी पडला तर बुडबुडे एकत्र होऊन वाफेचा पापुद्रा धरतो, आणि मग धातूला पाणी शिवतच नाही. कडक तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब लगेच उडून जात नाही, नाचत बसतो ना, तसं. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधे, आणि आत हेड भाजतंय. थर्मोस्टॅट पूर्ण काढला की अडवणारं कोणी उरत नाही. बऱ्याच इंजिनांत त्याच्याच मागची तबकडी बायपासची वाट बंद करते, तीही गेली, मग बरंच पाणी रेडिएटरला न जाता शॉर्टकटने परत इंजिनात.

मियाटात याला एक खास वळण आहे. तिचं इंजिन ३२३ नावाच्या साध्या माझदातून आलं, तिथे ते आडवं बसायचं आणि पाणी एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. मियाटात ते गाडीच्या लांबीला उभं बसवलं, मागे जागा नाही, म्हणून बाहेरची वाट पण पुढेच आणली. पाणी पुढून येतं, पुढूनच जातं, आणि सगळ्यात मागच्या, चौथ्या सिलेंडरपर्यंत जायचा कंटाळा करतं. रेसिंगवाले म्हणूनच पाइप फिरवून बाहेरची वाट परत मागे नेतात.

असो, भावाला मी एकच विचारलं, तापते कधी? सिग्नलला उभी असताना तापली तर पंखा, त्याची वायर, त्याचा स्विच बघायचा, एसी लावून पंखा फिरतो का बघायचं. काटा वर पण हीटरमधून गार हवा, तर पाणी कमी किंवा आत हवा अडकलीय. थंड गाडीची टोपी उघडून (थंड! गरम गाडीची उघडून तोंड भाजलेली माणसं मी पाहिलीत) स्टार्ट केली आणि बुडबुडे थांबतच नाहीत, तर हेड गॅसकेट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, गेलं. त्याची गाडी गावात ठीक, हायवेला तापायची.

हायवेला तापते म्हणजे बहुतेक वेळा एकतर रेडिएटर तुंबलाय नाहीतर त्यातून हवा जात नाही. तुंबण्यावरून आठवलं, रेडिएटर गळला की हळद टाकायचा उपाय आपल्याकडे अजून चालतो. हळद भोक बुजवते हे खरं, पण गळणारं भोक कुठलं आणि पाण्याची बारीक नळी कुठली हे तिला कळत नाही. आणि जाळीसमोर लोंबणारं लिंबू-मिरची, निदान ते तरी बाजूला बांधा, वाऱ्याच्या वाटेत कशाला.

मग व्हिडिओ कॉलवर त्याने फोन गाडीखाली धरला. रेडिएटरची प्लास्टिकची वरची टाकी काळ्याची हिरवट-तपकिरी झालेली, म्हणजे तीही म्हातारी, कधीतरी तडकणारच. पण खाली थेट रस्ता दिसत होता. पुढच्या बंपरपासून मागे जाणारा प्लास्टिकचा पत्राच नव्हता! आधी ऑइल बदललं तेव्हा कोणीतरी काढला तो परत लावलाच नाही. लोकांना वाटतं तो चिखलासाठी असतो. हवा रेडिएटरमधून जाते ती पुढे दाब जास्त आणि मागे कमी म्हणून, पत्रा काढला की खालची हवा इंजिनच्या खणात घुसते, मागचा दाब चढतो, आणि पुढची हवा जाळीतून जायच्या ऐवजी वळसा घालते. गावात पंखा ओढतो म्हणून कळत नाही, ११० च्या स्पीडला कळतं.

जुना पत्रा चाळीस डॉलरला मिळाला, दोन बोल्ट गंजून तुटलेले म्हणून झिप टायने बांधला. परवा तो हायवेवरून उतरून लेझरचं थर्मामीटर घेऊन बसला, पुढे थर्मोस्टॅटच्या घरावर ८९, हेडच्या मागच्या टोकाला ९६. ते पाइप मागे न्यायचं काम डिसेंबरात, आत्ता उन्हात गाडीखाली झोपायची त्याची तयारी नाही. मामांनी फोटो बघून लिहिलं, "पण थर्मोस्टॅट काढलास ना?"