कॅन्सस विद्यापीठाचा पहिला बास्केटबॉल हंगाम (१८९८–९९)

अमेरिकेतील लॉरेन्स (कॅन्सस राज्य) येथील कॅन्सस विद्यापीठाच्या पुरुष संघाचा पहिला हंगाम. सामने ११, विजय ७, पराभव ४. कामगिरी बेताचीच, हंगाम लक्षात राहिला तो प्रशिक्षकामुळे. ते होते जेम्स नेस्मिथ, म्हणजे बास्केटबॉलचे खुद्द जनक.

डिसेंबर १८९१मध्ये स्प्रिंगफील्ड (मॅसॅच्युसेट्स) येथील वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण संस्थेत त्यांनी पीच फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ बेतला. हिवाळ्यात बंद व्यायामशाळेत कंटाळलेल्या विद्यार्थ्यांना गुंतवणे एवढाच हेतू होता. १८९८मध्ये ते कॅन्ससला आले, तेही प्रार्थनामंदिराची जबाबदारी आणि शारीरिक शिक्षण सांभाळायला. संघ त्यामागोमाग आला.

३ फेब्रुवारी १८९९ रोजी पहिल्याच सामन्यात कॅन्सस सिटी वायएमसीएने विद्यापीठाच्या संघाला १६–५ असे हरवले. आठवड्याभरात, १० फेब्रुवारीला, घरच्या पहिल्या सामन्यात त्यांनी टोपीका वायएमसीएचा ३१–६ असा धुव्वा उडवला. ‘घरचे मैदान’ म्हणजे लॉरेन्समधले एक स्केटिंग रिंक. महाविद्यालयीन संघ तेव्हा मोजकेच असल्याने वायएमसीएचे संघ हेच नेहमीचे प्रतिस्पर्धी.

पाच गुण आज हास्यास्पद वाटतील, पण तेव्हाचा खेळच संथ होता. प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मध्यभागी नेऊन उडवला जाई आणि दोघे त्यासाठी झेपावत. जाळी तळाशी बंद असे, त्यामुळे आत गेलेला चेंडू दरवेळी बाहेर काढावा लागे. चेंडूही शिवणीचा, वर वादी आवळलेला. वादीवर आपटला की भलतीकडे उसळायचा. मैदानी बास्केटला २ गुण आणि फ्री थ्रोला (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकीला) १. म्हणजे त्या पाचांतला किमान एक गुण फ्री थ्रोचा होता, हे गणितानेच कळते. संघाचे सगळे फ्री थ्रो एकाच ठरलेल्या खेळाडूने घेण्याचीही तेव्हा मुभा होती.

नेस्मिथ १९०७पर्यंत प्रशिक्षक राहिले. त्यांची एकूण कामगिरी ५५ विजय, ६० पराभव. विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले कॅन्ससचे ते एकमेव प्रशिक्षक. त्यांना त्याची फारशी खंत असावी असे वाटत नाही; बास्केटबॉल त्यांच्या लेखी आधी व्यायाम होता, जिंकणे नंतरचे. त्यांच्यानंतर संघाची सूत्रे त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या फॉग ॲलन यांच्याकडे गेली. या शिष्याने मात्र जिंकणे फारच मनावर घेतले.