शट डाउन करूनही डिस्कची तपासणी का होत नाही?

जूनमध्ये पाऊस जोर धरू लागला की फोंडा, डिचोली, सत्तरीकडे तारेवर माडाची झावळ पडते आणि लाईट जाते. चालू पीसी जागच्या जागी बंद. दर वेळी त्यानं डिस्क बिघडतेच असं नाही. विंडोजची एनटीएफएस फाइल-व्यवस्था (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) आपल्या रचनेतला बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवते आणि वीज आल्यावर अर्धवट राहिलेलं काम त्या नोंदीवरून निस्तरते. तरीही कुठे मेळ बसला नाही, तर त्या ड्राइव्हवर ‘डर्टी’, म्हणजे तपासायला हवा, अशी खूण पडते.

सी ड्राइव्हवर विंडोज स्वतःच बसलेलं असतं. पंगत जेवत असताना जमीन सारवायला घेता येत नाही. म्हणून चेकडिस्क (chkdsk) या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामची आज्ञा ‘स्लॅश एफ’, म्हणजे चुका दुरुस्तही कर, असं जोडून दिली की ती विचारते, पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना तपासू का? आपण ‘वाय’ दाबतो, रात्री शट डाउन करतो, आणि सकाळी थेट डेस्कटॉप समोर.

बहुतेक वेळा याचं कारण ‘फास्ट स्टार्टअप’. 2012 साली विंडोज 8 सोबत ही सोय आली. शट डाउन केल्यावर आपले प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा बंद होत नाही. त्याची मेमरीतली स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तशीच उचलली जाते. डिस्क तपासणारा प्रोग्राम मात्र गाभा नव्यानं उभा राहताना, अगदी सुरुवातीला चालतो. ती वेळच येत नाही, तर तो चालणार कधी? उपाय फुकटचा आहे: शट डाउनऐवजी रीस्टार्ट करा. रीस्टार्ट म्हणजे वरवरचं बंद, असा समज घट्ट बसलाय. इथे नेमकं उलट आहे: रीस्टार्टमध्ये गाभाही नव्यानं उभा राहतो.

रीस्टार्ट करूनही काही झालं नाही, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘सीएचके-एनटीएफएस’ (chkntfs) लिहा, जागा सोडून सी आणि कोलन. तपासणी खरंच ठरलीय का, ते तिथे कळतं. ठरलेली असूनही होत नसेल, तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, सेशन मॅनेजरखाली ‘बूट-एक्झिक्यूट’ (BootExecute) ही नोंद पाहावी. सुरू होताना काय चालवायचं ते तिथे लिहिलेलं असतं आणि डिस्कची काही बाहेरची सॉफ्टवेअर ते बदलतात. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिची प्रत काढलेली बरी. कधी कारण अगदीच साधं असतं: तपासणीआधी काही सेकंद उलटी मोजणी चालते आणि तेवढ्यात कुठलंही बटण दाबलं की तपासणी रद्द.

एसएसडीवर तर तपासणी इतक्या झटपट उरकते की झालेली कळतही नाही. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन’ नोंदींत ‘विनइनिट’ (Wininit), क्रमांक 1001 शोधा. पूर्ण अहवाल तिथे असतो.

लिनक्सवाल्यांनी, कुठलं विभाजन (पार्टिशन) कसं जोडायचं ते लिहिलेल्या एफएसटॅब (fstab) फाइलमधल्या ओळीचा सहावा, शेवटचा आकडा बघावा. तो 0 असेल, तर ते विभाजन सुरुवातीच्या तपासणीतून वगळलेलंच असतं.

डर्टीची खूण पुन्हापुन्हा येत असेल, तर डिस्कच थकत चालली असण्याची शक्यता असते. आधी फोटो, हिशेब, कागदपत्रं दुसरीकडे उतरवा. चेकडिस्कला ‘स्लॅश एफ’ऐवजी ‘स्लॅश आर’ जोडून केलेली तपासणी पूर्ण डिस्क वाचून काढते, मोठ्या हार्ड डिस्कवर तिला तासन्‌तास लागतात, पावसाळ्यात यूपीएस नसताना ती लावू नये.