भोकाचा कनेक्टर की पिळाचा? आधी वायर सोलून बघा

घराचं वायरिंग नव्याने करायला काढलं की हल्ली हा प्रश्न हमखास निघतो: जॉइंटला दाबून बसवायचा पुश-इन कनेक्टर घ्यावा की फिरवून बसवायची टोपी? सल्ला देणारे बहुतेक जण अमेरिकन व्हिडिओ बघून आलेले असतात. एक म्हणतो पुश-इन म्हणजे आगीला आमंत्रण, दुसरा म्हणतो टोपी जुनाट झाली. आपल्या भिंतीतल्या पाइपातून कुठली वायर ओढलीय, हे मात्र दोघांनीही बघितलेलं नसतं.

पिळाबद्दल फार सांगायला नको. दोन वायरी सोलायच्या, पकडीने पीळ मारायचा, वरून काळी टेप गुंडाळायची. हा जॉइंट आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेला आहे. अमेरिका-कॅनडातला वायर नट म्हणजे याच पिळावर बसणारी प्लास्टिकची टोपी. आत शंकूसारखी स्प्रिंग असते, टोपी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की ती तांब्यात रुतत घट्ट होते. उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटतो, टोपी सुटत नाही, एवढा तिचा मोठेपणा मान्य. पण कुठल्या टोपीत किती वायरी बसतात, हे पाकिटावर अमेरिकन गेजमध्ये, म्हणजे तारेच्या जाडीच्या तिकडच्या मापात, छापलेलं असतं. त्यांची १४ गेजची तार २.०८ चौरस मिमी, १२ गेजची ३.३१. आपल्याकडे दिव्यांना १.५, प्लगला २.५, एसी-गिझरला ४. मग टोपी अंदाजाने निवडायची आणि ओढून बघायची. घरातल्या लायनीवर मला हा कारभार पसंत नाही.

‘तिकडे १२० व्होल्ट असतात म्हणून चालतं’ हेही सारखं ऐकू येतं. उलट आहे. व्होल्टेज निम्मं असल्यामुळे तेवढ्याच वॉटला तिकडे करंट जवळपास दुप्पट वाहतो, आणि जॉइंट तापतो तो करंटने. तिकडे चालण्याचं कारण वेगळं आहे: तिकडच्या घरांच्या भिंतीत १४ किंवा १२ गेजची बहुधा एकच जाड, ताठ तार असते.

इथेच सगळी गोम आहे. आपल्याकडे आज जी वायर मिळते ती बहुतेक मल्टीस्ट्रँड. १.५ ची वायर सोला, आत ०.३ मिमीच्या २२ बारीक तारा निघतील. २.५ मध्ये ३६, ४ मध्ये ५६. वळणावळणाच्या पाइपातून ओढायला ती मऊ वायर उत्तम. पण साध्या पुश-इनला नेमकी तीच चालत नाही.

पुश-इनच्या आत एक तांब्याची पट्टी असते आणि तिच्यावर टेकलेलं स्प्रिंग स्टीलचं पातं. तुम्ही भोकात तार दाबता तेव्हा ते पातं उचलण्याचं काम कोण करतं? तारच करते, स्वतःच्या ताठपणाने. मग पात्याची तिरकी कड तांब्यात रुतते, आणि तार मागे ओढाल तशी ती आणखी आवळते. कल्पना फार सुरेख आहे आणि एकाच जाड तारेवर ती वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते. आता तिथे २२ बारीक तारांचा झुपका दाबा. भिंतीला टेकवून दाबलेल्या केरसुणीच्या काड्यांसारख्या त्या फाकतात. काही पात्याखाली जातात, काही दुमडून मागे येतात, काही बाजूच्या पोकळीत घुसतात. वरून हलकं ओढून पाहिलं तर जॉइंट धरलेला वाटतो, कारण चार-सहा तारा अडकलेल्या असतातच.

आणि तो चालतोही, दिवा लावला तर. ९ वॉटच्या एलईडीला लागतो जेमतेम ०.०४ अँपिअर. त्याच पद्धतीचा जॉइंट २००० वॉटच्या गिझरवर केला की ८.७ अँपिअर वाहतात, म्हणजे सव्वादोनशे पट. सांध्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, तेव्हा ती झाली पन्नास हजार पटींच्या आसपास. एमसीबी इथे मदतीला येत नाही. तिच्या दृष्टीने ८.७ अँपिअर हा अगदी सज्जन करंट आहे. जास्तीचा करंट कुठे वाहतच नाही, फक्त जिथून सगळ्या तारांनी जायचं तिथून पाच-सहा तारा तो नेत असतात. गिझरच्या लायनीतून काढलेला असा एक कनेक्टर मी पाहिलाय. एका भोकाचं तोंड तपकिरी होऊन आत वाकलेलं, शेजारचं भोक कोरं करकरीत. घरातल्यांची तक्रार काय, तर ‘बाथरूमपाशी प्लास्टिक जळल्याचा वास येतो, पण ट्रिप काहीच होत नाही.’

यावर उपाय म्हणून लोक दोन गोष्टी करतात आणि दोन्ही माझ्या डोक्यात जातात. एक, तारांना पीळ मारून मग भोकात कोंबणं. पीळ मारला म्हणून झुपक्याची सळई होत नाही. दुसरी, टोकाला सोल्डर लावून ती ताठ करणं. हे तर अधिक वाईट, कारण सोल्डर मऊ धातू आहे. दाबाखाली तो हळूहळू सरकतो आणि आज घट्ट असलेली पकड काही काळाने सैल पडते.

खरा उपाय त्याच दुकानात शेजारच्या खोक्यात असतो: लिव्हरचा कनेक्टर. खटका उचलायचा, वायर आत ठेवायची, खटका पाडायचा. इथे स्प्रिंग तुम्ही बोटाने उघडता, त्यामुळे वायर ताठ असण्याची गरजच उरत नाही, आणि तारांचा सगळा झुपका एकत्र दाबला जातो. वॅगो या कनेक्टर बनवणाऱ्या कंपनीचंच उदाहरण घ्या. त्यांची २२७३ मालिका भोकाची, ०.५ ते २.५ चौरस मिमीच्या एकेरी ताठ तारेसाठी, २४ अँपिअरची. २२१ मालिका खटक्याची. तिच्या नेहमीच्या छोट्या आकारात ०.१४ पासून ४ चौरस मिमीपर्यंतची बारीक तारांची वायरही बसते, ३२ अँपिअरपर्यंत. दोन्ही पारदर्शक, दोन्ही चिमुकल्या, काउंटरवर दोन्ही ‘वॅगो’ म्हणूनच मागितल्या जातात, आणि भोकाची थोडी स्वस्त पडते म्हणून तीच पिशवीत येते. नाव न छापलेल्या नकला मात्र घेऊ नका. वरच्या ‘३२ A’ ला तिथे कुणी जामीन नसतो.

पुश-इन बदनाम होण्याचं आणखी एक कारण म्हणजे अमेरिकन सॉकेटच्या पाठीमागची भोकं. प्रत्येक प्लग काढता-घालताना तो सॉकेट हलतो, आतलं पातं इवलंसं असतं, आणि पुढच्या सॉकेटांचा करंटही त्यातूनच जातो. तो दोष त्या सॉकेटचा. सुट्या कनेक्टरवर तो लादू नये.

बाकीचे फरक किरकोळ. टोपीत तिसरी वायर घालायची तर सगळा जॉइंट उघडावा लागतो, खटक्यात नाही. टोपी बॉक्समध्ये उंच उभी राहते, लिव्हर आडवा मावतो. भोकाच्या आणि खटक्याच्या दोन्ही कनेक्टरांवर वायर किती सोलायची त्याची खूण असते, वॅगोच्या या दोन्हींना ११ मिमी. ‘पक्कं बसू दे’ म्हणून बोटभर सोलून अर्धं उघडं तांबं बाहेर ठेवणाऱ्यांना माझा साष्टांग दंडवत. आणि जॉइंट कुठलाही असो, तो जंक्शन बॉक्समध्येच हवा, पाइपाच्या आत किंवा पीओपीवर मोकळा टाकून नव्हे.

जुन्या इमारतीत सोलल्यावर पांढरी तार दिसली, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, तर साधी टोपी, भोक, खटका यातलं काहीही थेट लावू नका. त्याला खास पेस्ट आणि जाणता वायरमन लागतो. तांब्याचीच पण एकेरी जाड तार निघाली, जुन्या मिस्त्रींच्या भाषेतली १/१८, तर भोकाचा पुश-इन बिनधास्त वापरा. तिथे तो टोपीहून सरस आहे.

नवीन मल्टीस्ट्रँडवर मात्र लिव्हरच. अमेरिकेहून कुणी पंखा किंवा झुंबर आणलं तर खोक्यात दोन-चार टोप्या निघतील. त्या खोक्यातच राहू द्या, मेन बंद करा, टेस्टर लावून खात्री करा आणि खटका पाडा.