कोंबडीचं खुडूक होणं (आनुवंशिकता)

कोंबडी अंडी द्यायची थांबते आणि ती उबवायला बसते, त्याला खुडूक होणं म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्यांच्याकडे गावठी कोंबड्या आहेत त्यांना हे लगेच कळतं, ती खुराड्यातून हलत नाही, हात घातला की पिसं फुलवून चोच मारते, दिवसातून एखाद्या वेळी दाणापाण्यापुरती उठते, पोटाखालची पिसं जाऊन कातडी उघडी पडते आणि पिल्लं निघेपर्यंत, म्हणजे साधारण 21 दिवस, हेच चालतं.

यामागे प्रोलॅक्टिन हे हार्मोन आहे. पोटाला अंड्यांचा स्पर्श होत राहिला की मेंदूतून प्रोलॅक्टिन वाढवणारा सिग्नल जातो, ते वाढलं की अंडाशय आकसतं आणि अंडी बंद. म्हणून खुडूक मोडायची तर तिला अंड्यांपासून आणि त्या जागेपासून काही दिवस लांब ठेवायचं, एवढं बास, नाकात पीस खुपसणं हा निव्वळ छळ आहे, तो कोणी करू नये.

हा स्वभाव रक्तातूनच येतो हे लोकांना आधीपासून माहीत होतं, 1920 मध्ये पनेट आणि बेली या संशोधकांनी त्यावर संकराचे प्रयोगही मांडले. पुढे बरीच वर्षं असं मानलं जायचं की मुख्य जीन झेड या नर-मादी ठरवणाऱ्या क्रोमोसोमवर आहे, आणि कोंबडीला तिचा एकुलता झेड बापाकडूनच मिळतो, म्हणजे सगळं कोंबड्यावर ठरणार. प्रोलॅक्टिनचा रिसेप्टर, म्हणजे पेशीतला ते पकडणारा भाग, त्याचा जीन झेडवरच सापडला तेव्हा तर हे पक्कंच वाटलं. पण सहसा खुडूक न होणारी व्हाइट लेगहॉर्न आणि हमखास बसणारी बँटम या जातींचा दोन्ही बाजूंनी संकर केला, बाप इकडचा काय नि तिकडचा काय, लेकी जवळपास सारख्याच प्रमाणात खुडूक झाल्या. त्यामुळे 2002 च्या अभ्यासात निष्कर्ष निघाला तो असा की इतर क्रोमोसोमवर निदान दोन प्रभावी (एकच प्रत मिळाली तरी गुण दाखवणारे) जीन असावेत, एक बसवणारा, दुसरा अडवणारा. लेगहॉर्नमध्ये प्रोलॅक्टिन जीनच्या कंट्रोलवाल्या भागात डीएनएच्या 24 अक्षरांचा जादा तुकडा सर्रास दिसतो, त्याचाही खुडूक न होण्याशी संबंध जोडतात, पण सगळा खेळ त्या एकट्याचा नाही.

लेगहॉर्नची खुडूक माणसानेच निवड करकरून घालवली, कारण बसलेली कोंबडी अंडी देत नाही. कोकणातल्या परसात नेमकं उलटं घडत आलंय, तिथे पिल्लू निघतं तेच बसणाऱ्या कोंबडीखाली, त्यामुळे जी बसते आणि टिकून बसते तिचाच वंश बहुतेक पुढे जातो, कोणी मुद्दाम निवड न करता. पावसाळ्यात लाइट जाऊन जाऊन इनक्युबेटर बंद पडतो तिथे तर हा गुण सोन्यासारखा आहे. म्हणून जास्त अंड्यांच्या लोभाने लेगहॉर्न रक्ताचा कोंबडा गावठी कळपात सोडताना विचार करावा, तो स्वतः कधी अंड्यांवर बसणार नसतो, पण न बसण्याचे जीन लेकींना देतोच, आणि ते कळतं थेट लेकी अंड्यावर आल्यावर.