कोंबडा पाळणं आणि त्याच्या काट्याची निगा

अंड्यांसाठी कोंबडा लागतो असं बऱ्याच जणांना वाटतं पण तसं काही नाही, कोंबडी एकटीच अंडी घालते, नर लागतो तो पिलं काढायची असली तर आणि कळपाची राखण करायला. वर घार दिसली तर एक आवाज आणि जमिनीवरून कुत्रं-मांजर आलं तर वेगळाच आवाज काढतो, कोंबड्यांना तो फरक बरोबर कळतो. साधारण 8 ते 10 माद्यांमागे एक नर पुरतो. माद्या कमी पडल्या की तो त्याच त्याच कोंबडीवर चढतो आणि तिच्या पाठीची पिसं जातात, कातडीसुद्धा फाटते.

आता काटा, म्हणजे पायाच्या मागे आतल्या बाजूला येणारा टोकदार भाग, ज्याला हल्ली सगळे स्परच म्हणतात. कोवळ्या नराला तिथे नुसता गाठीसारखा फुगवटा असतो, मग तो आयुष्यभर वाढत राहतो (एखाद्या म्हाताऱ्या कोंबडीलाही येतो). वरचं कवच आपल्या नखासारखं पण आत जिवंत हाड असतं आणि त्यात रक्त खेळतं, इथेच लोक चुकतात, नख समजून मुळापासून कापतात आणि मग रक्त थांबत नाही. काटा पूर्ण काढायचाच नसतो, फक्त टोक बोथट करायचं. रात्री कोंबडा सुस्त असतो तेव्हा टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्यायचा आणि कानशीने थोडं थोडं घासायचं, चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉर लावून दाबून धरायचं. पकडीने पिरगाळून अख्खं कवच उपटतात ते मला अजिबात पटत नाही, आतला नाजूक भाग उघडा पडतो, त्याला दुखतं आणि बाकीच्या कोंबड्या त्या लाल जागेवर टोचत बसतात. पण दुर्लक्षही नको, कारण वाढलेला काटा वळून पायातच रुतायला लागतो आणि तो लंगडतो.

खाद्याचं एक लक्षात ठेवा, अंड्यावरच्या कोंबड्यांच्या लेयर फीडमध्ये कॅल्शियम खूप असतं, नराला ते रोज दिलं तर किडनीला त्रास होऊ शकतो, त्यापेक्षा सगळ्यांना ग्रोअर फीड (वाढत्या कोंबड्यांचं, कमी कॅल्शियमचं खाद्य) आणि माद्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात.

पिलांसाठी नर निवडताना तुरा-रंग नंतर बघा, आधी स्वभाव बघा. माणसावर धावून येणाऱ्या कोंबड्याची पैदास करूच नये, तो स्वभाव पिलांत उतरतो. बाप-लेकीची जोडी पिढ्यानपिढ्या लावत राहिलं तर अंडी कमी फुटतात, पिलं अशक्त निघतात, म्हणून अधूनमधून बाहेरचा नर आणायचा. तो आणला की लगेच अंडी उबवायला ठेवू नका कारण आधीच्या नराचं बीज कोंबडीच्या पोटात दोनेक आठवडे टिकतं, तीन आठवडे जाऊ द्या, मग जमवलेली अंडी खुडूक (उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली ठेवली की 21 दिवसांनी निघतील ती पिलं नक्की नव्या नराचीच.