बडी डायव्हिंग आणि सोलो डायव्हिंग

स्कूबा (पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली श्वास घ्यायचं सामान) लावून जोडीनं उतरणं म्हणजे बडी डायव्हिंग, एकट्यानं उतरणं म्हणजे सोलो. बडीला मराठीत जोडीदार म्हणता येईल पण बोटीवर कोणी म्हणत नाही, तिथं बडीच चालतं. सोलो कुणाला म्हणायचं हे मात्र वाटतं तितकं सरळ नाही, कारण ठरवून, जादा सामान घेऊन एकटा उतरलेला माणूस वेगळा आणि जोडीनं उतरून मध्येच चुकामूक झालेला वेगळा. अपघातांच्या नोंदींत हे दोघं बऱ्याचदा एकाच खान्यात पडतात आणि मग सोलोच्या नावावर चुकामुकीचेही बळी लागतात. सोलो जास्त धोक्याचं की नाही या वादाचं मूळ बरंचसं इथंच आहे.

उगम

बडी पद्धत नक्की कुठून आली यावर एकमत नाही. एक मत असं की ती मुळात डायव्हिंगची नाहीच, पोहण्याच्या कॅम्पमधली आहे. अमेरिकेत स्काउटच्या वगैरे कॅम्पवर पोरांच्या जोड्या लावायच्या, शिट्टी झाली की जोडीनं हात धरून वर करायचे, मोजणी व्हायची, आणि जिथं जोडी अर्धीच दिसली तिथं लगेच शोध सुरू. पुढं पोहणं शिकवणाऱ्या वायएमसीएसारख्या संस्था स्कूबाही शिकवायला लागल्या (वायएमसीएचा देशभराचा कार्यक्रम १९५९ चा) आणि ही सवय त्यांच्याबरोबर पाण्याखाली गेली.

दुसरं मत फ्रान्सकडे बोट दाखवतं. १९४३ च्या उन्हाळ्यात फ्रेंच नौदलातले झाक-इव्ह कूस्तो यांनी इंजिनिअर एमिल गान्यां यांच्यासोबत बनवलेलं पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र, म्हणजे अ‍ॅक्वालंग रिव्हिएराच्या किनाऱ्यावर वापरून पाहिलं, तेव्हा खाली ते एकटेच होते पण त्यांची बायको सिमोन वरून स्नॉर्केल लावून लक्ष ठेवत होती आणि त्यांचे पाणबुडे मित्र फ्रेदेरिक द्युमा किनाऱ्यावर तयारीत बसले होते. काहीजण यालाच बडी पद्धतीची सुरुवात मानतात. तसंच मोजायचं तर मग मन्नारच्या आखातात मोती काढणाऱ्या पाणबुड्याचा दोर धरून होडीत बसणारा माणूस कितीतरी आधीचा बडी ठरेल, आणि हेल्मेटवाल्या पाणबुड्याचा वरचा मदतनीसही. पण हे सगळे वर थांबणारे, बरोबर खाली येणारे नव्हेत. त्यामुळं पोहण्याच्या कॅम्पवालं मत जास्त पटतं.

नियम म्हणून ही गोष्ट पक्की झाली ती बहुधा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत. तिथं कॉनराड लिंबॉ संशोधकांना डायव्हिंग शिकवायचे, त्यांच्याकडूनच लॉस एंजेलिस काउंटीचे लोक शिकून गेले आणि १९५४ च्या सुमारास तिथं सामान्य लोकांसाठी प्रशिक्षण सुरू झालं. हेच लिंबॉ १९६० मध्ये फ्रान्समध्ये कासीजवळ पोर-म्यू इथल्या पाण्याखालच्या गुहेत साथीदारापासून चुकामूक होऊन वारले.

सोलोला संस्थांची मान्यता फार उशिरा मिळाली. एसडीआय या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेनं १९९० च्या दशकाच्या शेवटी सोलो डायव्हर कोर्स काढला, वय किमान २१ आणि खात्यावर १०० डाइव्ह ही अट. पाडी या दुसऱ्या संस्थेनं २०११ च्या आसपास असाच कोर्स आणला (वय १८, डाइव्ह १००) पण नावात सोलो शब्द टाळून ‘सेल्फ-रिलायंट’ म्हटलं, म्हणजे लग्न केलं पण वरात नको अशातला प्रकार.

हवेचा हिशोब

बडी कशासाठी तर मुख्यतः हवेसाठी. समुद्रात दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो आणि तेवढ्या पटीत हवा जास्त लागते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये ५० बार (बार हे दाबाचं माप) राखीव ठेवून वर यायचं अशी रूढ शिकवण आहे, म्हणजे ६०० लिटर. आता समजा एकाची हवा संपली, दोघं दुसऱ्याच्याच सिलिंडरवर आले, घाबरलेला माणूस पाण्याबाहेरच्या दाबाच्या हिशोबानं मिनिटाला ३० लिटर घेतो धरू, तर दोघांचे ६०. १८ मीटरवर दाब पाण्याबाहेरच्या २.८ पट, तिथं सावरायला एक मिनिट गेलं तर १६८ लिटर, मग मिनिटाला ९ मीटरच्या वेगानं वर यायला २ मिनिटं आणि साधारण २२८ लिटर. एकूण ४०० च्या आत, जमलं. पण हेच ३० मीटरवर झालं तर पहिल्याच मिनिटात २४० आणि वर येताना अजून ५००, म्हणजे ६०० लिटर पुरतच नाहीत, आणि यात ५ मीटरवरचा ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (वर येताना खबरदारी म्हणून घ्यायचा थांबा) धरलेलाच नाही.

सोलोवाले यावर ३ लिटरची पोनी बॉटल (छोटं जादा सिलिंडर) दाखवतात. २०० बारला भरली की तीही ६०० लिटरच, पण एकट्यासाठी, वेगळ्या रेग्युलेटरवर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणारं यंत्र), आणि आपल्याच अंगावर. ३० मीटरवरून एकट्याला वर यायला वरच्याच हिशोबानं ३७० पुरतात. बडी दहा मीटर लांब फोटो काढत असेल तर त्याच्या पाठीवरचं सिलिंडर असून नसल्यासारखं, आणि चुकामूक झाली तर साधारण मिनिटभर शोधून वर या असा नियम आहे, हवा संपलेल्या माणसाकडं तेवढं मिनिट नसतं.

पोनीनं न सुटणाऱ्या गोष्टीही आहेत. छाती भरून आली, शुद्ध गेली, पाठीमागं हात पोचत नाही अशा जागी जुन्या जाळ्यात अडकलं, किंवा ३० मीटरच्या पुढं नायट्रोजनची गुंगी चढली आणि ती स्वतःला कळेना, तर तिथं दुसरा माणूसच लागतो. म्हणून नवख्यानं सोलोच्या भानगडीत पडू नये. उलट बाजूनं, बडी अनुभवी आहे म्हणून स्वतःचा गेज (उरलेली हवा दाखवणारा काटा) न बघणारे, आणि ‘चल रे काही होत नाही’ म्हणून झेपत नसलेल्या खोलीवर ओढले गेलेले, हे बडी पद्धतीचेच गिऱ्हाईक.

ठाणे-नवी मुंबई

इथल्या बहुतेकांची स्कूबाशी ओळख मालवण-तारकर्लीला होते, शुक्रवारी रात्री ठाण्याहून किंवा पनवेलहून कोकणकन्या, सकाळी कुडाळ. तिथल्या ट्राय डाइव्हमध्ये (कोर्स न करता नुसती चव घ्यायची डाइव्ह) इन्स्ट्रक्टरनं मागून सिलिंडर धरलेलं असतं, ते ना बडी ना सोलो. कोर्स करणारे थिअरी आणि स्विमिंग पूल इथं उरकतात आणि समुद्रातल्या डाइव्हसाठी कर्नाटकातलं नेत्राणी बेट नाहीतर अंदमान गाठतात, आणि तिथं बोटीवर ऐरोलीच्या माणसाची जोडी कधी न भेटलेल्या कुणाशी लावली जाते. अशा बडीला डायव्हर लोक ‘एकच समुद्र, एकच दिवस’ म्हणून हसतात. नवख्यांना घेऊन उतरणारा इन्स्ट्रक्टरही खरं तर सोलोच, त्याला काही झालं तर सोडवणार कोण.

ठाण्याची खाडी गाळाची, पसरलेला हातही दिसत नाही, तिथं हौसेचं डायव्हिंग होत नाही. अशा गढूळ पाण्यात कामाचा पाणबुड्या खाली एकटाच असतो पण त्याला दोर बांधलेला, दोर हातात घेतलेला माणूस वर, आणि तिसरा सूट चढवून तयार.